हॅरिसनची अळंबी

रहस्यकादंबरीत विष फार स्वस्त असते. आपल्याकडे तर ते नुसते 'जालीम' असले की काम भागते. दुधाच्या पेल्यात पांढरी पूड पडते, नायिकेचा सावत्र काका दोन घोट घेतो, डोळे पांढरे करतो, आणि पुढच्या प्रकरणात गुप्त पोलीस दारात उभा राहतो. ती पूड कसली, कुठे मिळाली, पोटात गेल्यावर तिने कोणत्या अवयवाचे काय केले, याची चौकशी लेखकही करीत नाही आणि वाचकही करीत नाही. हा दोघांमधला समजूतदारपणा आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पत्ते खेळताना बदामच्या राजाला त्याची प्रजा कुठे आहे, असे आपण विचारीत नाही.

पण एखादा लेखक हा समजूतदारपणा आपणहून मोडतो. तो विषाचे नाव सांगतो, ते कोणत्या रानात उगवते ते सांगतो, आणि सगळ्या कथेचा भार त्या विषाच्या एका गुणधर्मावर टाकतो. मग वाचकालाही हिशेब मागण्याचा हक्क पोचतो. असा हिशेब मागावा अशी एक इंग्रजी कादंबरी आहे : 'द डॉक्युमेंट्स इन द केस'. डोरोथी सेयर्स आणि रॉबर्ट युस्टेस या दोघांच्या नावावर ती १९३० साली प्रसिद्ध झाली. युस्टेस हे टोपणनाव. त्यामागचा माणूस युस्टेस रॉबर्ट बार्टन नावाचा डॉक्टर होता, आणि विषाची युक्ती त्याची. लेखणी मात्र बाईंची. सेयर्सबाईंचा नेहमीचा नायक, तो एकडोळी चष्म्याचा लॉर्ड पीटर विम्झी, या कादंबरीत नाही. त्यांच्या कादंबऱ्यांत तो नसलेली ही एकच, आणि माझ्या मते तो नाही म्हणूनच हिच्यात माणसे आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. लंडनच्या बेजवॉटर भागात जॉर्ज हॅरिसन नावाचा एक प्रौढ विजेचा इंजिनियर राहतो. पहिली बायको वारलेली, तिचा मुलगा पॉल नोकरीनिमित्त परदेशी. दुसरी बायको मार्गारेट वयाने बरीच लहान. घरात मिस मिल्सम नावाची एक अविवाहित सोबतीण आहे. वरच्या मजल्यावर दोन तरुण भाडेकरू येतात : मंटिंग हा लेखक आणि लॅथम हा चित्रकार. पुढे काय होणार हे सांगायला नको. लॅथम आणि मार्गारेट यांचे सूत जुळते. हॅरिसनला दोन नाद. एक, जलरंगात काटेकोर, निर्जीव निसर्गचित्रे काढण्याचा. दुसरा, रानातली खाण्याजोगी अळंबी गोळा करून शिजवण्याचा. या दुसऱ्या विषयावर तो एक पुस्तकही लिहीत असतो. एके दिवशी डेव्हनमधल्या मॅनटन गावाजवळच्या एकाकी झोपडीवजा घरात तो मेलेला आढळतो. 'अमानिटा रुबेसेन्स' हे खाण्याजोगे अळंबे समजून त्याने 'अमानिटा मस्कारिया' हे विषारी अळंबे शिजवून खाल्ले, असा निकाल लागतो. अपघाती मृत्यू. सगळे हळहळतात, आणि थोडेसे मनात हसतातही. अळंब्यांचा पंडित अळंबे खाऊन मेला!

एकट्या मुलाला हे पटत नाही. माझे वडील असली चूक करणे शक्य नाही, असे पॉल म्हणतो. त्याच्याजवळ दुसरा पुरावा नाही. वडिलांची चिकाटी, त्यांचा काटेकोरपणा, त्यांनी अळंबी कशी निरखून पाहिली असतील याची त्याला असलेली कल्पना, एवढ्या भांडवलावर तो सगळ्यांची पत्रे आणि निवेदने जमवतो आणि सरकारी अभियोक्त्याकडे पाठवतो. ही जमवाजमव म्हणजेच कादंबरी.

पत्रात्मक कादंबरी आपल्याला नवी नाही. बहुतेक वेळा तिच्यात सगळी पात्रे एकाच हाताने, एकाच शाईने लिहितात. इथे तसे नाही. मिस मिल्सम बहिणीला लिहिते तेव्हा हॅरिसन हा बायकोला छळणारा, घुमा राक्षस असतो. मंटिंग आपल्या वाग्दत्त वधूला लिहितो तेव्हा तोच माणूस कंटाळवाणा पण सरळ वाटतो. आणि हॅरिसनची मुलाला लिहिलेली पत्रे येतात तेव्हा आपण चपापतो. हा माणूस तर लाजरा आहे, प्रेमळ आहे, बायकोला काय आवडेल याची त्याला सदा चिंता आहे, फक्त ते तिला सांगण्याची भाषा त्याला येत नाही. अळंबी शिजवणे ही त्याच्यापाशी असलेली एकच भाषा आहे. तो जेवण रांधतो आणि कोणी तरी ते वाखाणावे म्हणून वाट पाहतो. पहिल्या खेपेस मी ही पत्रे भराभर उलटली, खून कधी होतो ते पाहण्यासाठी. दुसऱ्या खेपेस खुनाची घाई उरली नाही आणि ही पत्रेच मनात राहिली. रहस्यकादंबरी दुसऱ्यांदा वाचवते ही तिची एक चांगली परीक्षा आहे.

आता त्या विषाकडे. या अळंब्याचे चित्र सर्वांनी पाहिलेले आहे, भले नाव माहीत नसेल. परीकथांच्या पुस्तकांत बुटक्यांच्या शेजारी जी लालभडक टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची छत्री असते, तीच ही. युरोपात तिचे तुकडे दुधात टाकून माश्या मारीत. माशीला लॅटिनमध्ये 'मस्का' म्हणतात, म्हणून ती मस्कारिया. आणि १८६९ साली श्मीडेबर्ग आणि कोप या दोघांनी तिच्यातून जे द्रव्य वेगळे केले ते मस्करिन. मराठी कानाला या नावात मस्करी ऐकू येते. पुढे जे घडले ते पाहता ती अगदीच अस्थानी नाही.

खुनाचा उलगडा असा होतो. एका पाद्र्याच्या घरी मेजवानी आहे. एक पदार्थवैज्ञानिक, एक जीवशास्त्रज्ञ, एक रसायनशास्त्रज्ञ आणि आपला मंटिंग जेवून बसले आहेत, आणि गप्पा निघतात त्या 'जीव म्हणजे काय?' या प्रश्नावर. रसायनशास्त्रज्ञ सांगतो की, सजीवांनी तयार केलेली द्रव्ये एका बाजूला वळलेली असतात. रसायनशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरतीच. पण वर्गात मला हे सांगायचे झाले तर मी शंख दाखवीन. आपण पाहतो ते बहुतेक शंख एकाच दिशेने वळलेले. उलट वळणाचा शंख इतका दुर्मिळ की लोक तो देवघरात ठेवतात. निसर्ग शंख घडवतो तेव्हा हात ठरलेला असतो. तेच एखाद्या कारखान्यात शंख ओतायचे ठरवले आणि साच्याला वळणाचे भान नसले, तर निम्मे डावे आणि निम्मे उजवे निघतील. रेणूंचे तसेच आहे. लुई पाश्चरने १८४८ साली टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहून, डावे एकीकडे आणि उजवे एकीकडे असे निवडून हे दाखवून दिले. एकाच हाताच्या रेणूंच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश गेला की तो एका बाजूला वळतो. प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रव्यात डावे-उजवे समसमान, म्हणून एकाचे वळवणे दुसरा पुसून टाकतो आणि प्रकाश सरळ निघून जातो.

मंटिंगच्या डोक्यात लख्ख पडते. हॅरिसनच्या पोटातले मस्करिन अळंब्यातून आले असेल तर प्रकाश वळवील. बाटलीतून आले असेल तर वळवणार नाही. सर जेम्स लबक नावाच्या सरकारी विश्लेषकाच्या प्रयोगशाळेत यंत्रातून पाहिले जाते. प्रकाश वळत नाही. लॅथमने एका प्रयोगशाळेतून कृत्रिम मस्करिन मिळवून ते घातलेले असते. म्हातारा अळंबी ओळखण्यात चुकला नव्हता.

ही जागा मोठी सुंदर आहे, आणि केवळ युक्ती म्हणून नव्हे. या कादंबरीत अस्सल आणि कृत्रिम यांचा झगडा पहिल्या पानापासून चालू आहे. हॅरिसनची चित्रे कृत्रिम, लॅथमची अस्सल. मार्गारेटच्या भावना बाजारी कादंबऱ्यांतून उचललेल्या, आणि हॅरिसनचे प्रेम अस्सल पण मुके. जो खरा कलावंत आहे तोच शेवटी बाटलीतल्या नकली विषाचा आधार घेतो, आणि ज्याला कला साधली नाही त्याने रानातली खरी वस्तू खरीच ओळखलेली असते. हा व्यत्यास बाईंनी कुठेही बोलून दाखवलेला नाही. आमच्यातल्या एखाद्याने त्यावर दोन पानांचे चिंतन घातले असते.

आता हिशेब. कादंबरी लिहिली गेली तेव्हा मस्करिनच्या रेणूची खरी रचना कोणालाच ठाऊक नव्हती. तो रेणू खरोखर एका हाताचा आहे की नाही, हाच मुळी वादाचा विषय होता. सगळी इमारत ज्या खांबावर उभी, तो खांब रंगवलेल्या पुठ्ठ्याचा निघण्याचा संभव होता. १९५७ साली रचना पक्की झाली, आणि नैसर्गिक मस्करिन प्रकाश वळवते हे शास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद झाले. खांब दगडी निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सेयर्सबाई वारल्या.

पण दुसरीकडे फट पडली ती मोठी आहे. ज्या अळंब्याचे नाव त्या द्रव्याला मिळाले त्याच अळंब्यात ते द्रव्य जवळजवळ नाही! किलोभर ताज्या मस्कारियात मस्करिन निघते सुमारे तीन मिलिग्रॅम. माणूस मारायचा तर टोपल्याच्या टोपल्या खाव्या लागतील. मस्करिनने भरलेली अळंबी आहेत, पण ती दुसरीच. इनोसायबी वर्गातली, लहान, तपकिरी, कोणाच्या चित्रात न येणारी. त्यांनी घाम सुटतो, लाळ आणि अश्रू वाहू लागतात, नाडी मंदावते, आणि वेळेवर ॲट्रोपिन टोचले तर माणूस वाचतो. लाल छत्रीचा खरा परिणाम करणारी द्रव्ये, इबोटेनिक आम्ल आणि मसिमोल, ती १९६० नंतरच्या दशकात हाती लागली. त्यांनी माणूस झिंगतो, बरळतो, नसते ते पाहतो आणि मग गाढ झोपतो. मरतो क्वचित.

म्हणजे आजच्या ज्ञानाने पाहता सर जेम्स लबक यांना ते प्रकाशाचे यंत्र काढण्याची गरजच नव्हती. तराजू पुरला असता. प्रेतात मारक प्रमाणात मस्करिन सापडले, इतक्यावरच ते मस्कारियातून आलेले नाही हे सिद्ध होते. लॅथमने जे लपवण्यासाठी अळंब्यांची आड घेतली, ते त्या आडीनेच उघडे पाडले असते.

इथे मला एच. जी. वेल्सची 'द पर्पल पायलियस' ही १८९६ सालची छोटी कथा आठवते. कूम्ब्स नावाचा एक गरीब दुकानदार आहे. बायको त्याला जुमानत नाही. रविवारी तिच्या मैत्रिणी आणि त्यांचे मित्र येऊन पियानो बडवतात आणि त्याच्या चहावर ताव मारतात. हा चिडून रानात जातो, जगण्यात अर्थ नाही असे ठरवतो, आणि तिथे उगवलेली विषारी दिसणारी जांभळी अळंबी मरण्यासाठी खातो. पण मरत नाही, झिंगतो. तोंडाला फेस, डोळे लकाकताहेत, अशा थाटात घरी येऊन पाहुण्यांना पळवून लावतो. पुढे काही वर्षांनी आपल्याला भेटतो तो सुखवस्तू, बायकोवर वचक असलेला कूम्ब्स. स्त्रियांना धाकात ठेवले की संसार आणि दुकान दोन्ही चालते हे त्या कथेचे तात्पर्य मला मुळीच आवडत नाही. वेल्सने ते कितपत गंभीरपणे घेतले आहे याचीही शंका आहे. पण मौज अशी, की ज्याने गंमत म्हणून लिहिले त्याचे काल्पनिक जांभळे अळंबे खऱ्या लाल अळंब्यासारखे वागते, आणि ज्यांनी डॉक्टर सोबत घेऊन लिहिले त्यांचे खरे लाल अळंबे काल्पनिक ठरते. कूम्ब्स आणि हॅरिसन हा एकच माणूस आहे. घरात ज्याला किंमत नाही असा नवरा, हाती अळंबी. एकाला त्यातून विनोद मिळाला, एकाला मरण.

मग सेयर्सबाईंची कादंबरी या चुकीने पडली का? वाङ्मयाला वस्तुस्थितीचे बंधन नसते, कलाकृतीचे सत्य वेगळे, असे म्हणणारे टीकाकार आपल्याकडे उदंड आहेत. त्यांच्या वाटेला मी जात नाही, कारण तो फार आळशी युक्तिवाद आहे. ज्या कादंबरीने प्रत्येक कागदावर तारीख घातली आणि मला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले, तिला निकालाच्या वेळी 'अहो, हे काव्य आहे' असे म्हणता येत नाही. चूक ती चूक. पण कादंबरीत चुका दोन तऱ्हेच्या असतात. एक तऱ्हा अशी की लेखकाच्या काळाला जे ठाऊक होते ते त्याने प्रामाणिकपणे घेतले आणि पुढे काळाने ते खोडले. ही चूक काळाच्या खाती मांडावी. दुसरी तऱ्हा माणसाविषयीच्या चुकीची. ती लेखकाच्याच खाती. आणि या कादंबरीत तशा चुकीची जागा मला विषात नव्हे, पॉलच्या श्रद्धेत दिसते.

'जाणता माणूस चुकत नाही' या एका वाक्यावर पॉलने मोहीम उघडली, आणि कादंबरीने त्याला शंभर गुण दिले. वाचताना आपणही त्याच्या बाजूचे होतो. पण खरी अळंबी या वाक्याला साक्ष देत नाहीत. अळंब्यांनी जाणतेही मरतात, आणि ते बहुधा त्यांच्या ज्ञानामुळेच.

युरोपात 'डेथ कॅप' नावाचे एक फिकट हिरवट अळंबे होते. ओक वगैरे झाडांच्या मुळांसोबत ते अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेले. दिसायला साधे, चवीला चांगले. पूर्वेकडच्या देशांतून तिकडे स्थायिक झालेल्या लोकांना ते आपल्या गावाकडच्या, भाताच्या पेंढ्यावर उगवणाऱ्या अळंब्यासारखे दिसते. ते लोक अडाणी नसतात; उलट लहानपणापासून अळंबी वेचत आलेले असतात. डोळे पक्के शिकलेले असतात, पण दुसऱ्या मातीत शिकलेले. ते विष शिजवल्याने जात नाही, वाळवल्याने जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक, काहीच होत नाही. मग ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. मग ते थांबतात. रोगी उठून बसतो, घरच्यांना हायसे वाटते. आणि आत यकृत नासत असते, कारण पेशींना नवी प्रथिने घडवण्याची आज्ञाच त्या विषाने बंद पाडलेली असते. तो मधला बरे वाटण्याचा दिवस! कुठल्याही नाटककाराला सुचणार नाही असा तो अंक आहे, आणि एवढ्या विषकथा लिहिल्या गेल्या तरी त्या दिवसाची कादंबरी मी अजून वाचलेली नाही. कादंबरीकाराला मृत्यू झटपट हवा असतो. रोमचा सम्राट क्लॉडियस इसवी सन ५४ मध्ये अळंब्यांच्या पक्वान्नाने मेला. तिथेही टॅसिटसने पक्वान्नावर अजून एक विष आणि त्यावर डॉक्टरच्या हातचे पीस असा साज चढवला आहे. नुसत्या अळंब्यांवर थांबून राहण्याचा धीर इतिहासकारालाही नाही.

चूक की हेतू, हा हॅरिसनच्या चौकशीतला प्रश्न आजही न्यायालयात उभा राहतो. ऑस्ट्रेलियात लिओनगाथा येथे २०२३ च्या जुलैत एका घरी जेवायला आलेल्या चार नातलगांच्या पोटात हीच डेथ कॅप गेली, तिघे दगावले. गोळा केलेली अळंबी नकळत मिसळली असतील, असा यजमाणीचा बचाव होता. २०२५ च्या जुलैत ज्युरीने तो फेटाळला आणि तिला तीन खुनांबद्दल व एका खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी धरले. तो खटला शेवटी उभा राहिला तोही रसायनावर कमी आणि कागदपत्रांवर, दूरध्वनीच्या नोंदींवर, कोण काय म्हणाले यावर अधिक. सेयर्सबाईंनी कादंबरीला दिलेले नाव किती नेमके होते!

पण अशा बातम्यांचा गाजावाजा होतो त्याच्या पलीकडे अळंब्यांचे बहुतेक मृत्यू बिनरहस्याचे असतात. २०२२ च्या एप्रिलात वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन तेराजण गेले, त्यांतले बहुतेक चहामळ्यांतल्या मजूर कुटुंबांतले. त्यांना पॉल नव्हता आणि लबकही नव्हता. हॅरिसनसाठी अळंबी हा शौक होता, रविवारच्या फिरतीचा. जिथे ती भाजी म्हणून लागतात तिथे जाणतेपणाची कसोटी निराळीच असते. सेयर्सबाईंच्या पुस्तकात हा विचार शोधायचा नाही हे मला कळते, पण वाचताना तो आल्याशिवाय राहात नाही. आमच्या शाळेत डोंगरातून येणारी मुले वारुळावरची अळंबी केव्हा उगवतील हे दिवस मोजून सांगतात. विदर्भात त्यांना सात्या म्हणतात, गोव्यात अळमी. बाकी सगळ्या छत्र्यांना त्या मुलांपाशी एकच नाव : कुत्र्याची छत्री. म्हणजे खायची नाही. हॅरिसनच्या पुस्तकातल्या वर्णनांहून हे शहाणे वर्गीकरण आहे, कारण ते आपल्या ज्ञानाची वेस कुठे संपते ते सांगते. उलट चांदीचे नाणे टाकून पाहावे, काळे पडले तर विषारी, अशी शहाणी दिसणारी परीक्षा सांगणारे शिकलेले लोक मला भेटतात. ती परीक्षा साफ खोटी आहे आणि माणसे मारते.

पाली टीकाग्रंथांत अळंब्याला 'अहिच्छत्तक' म्हटले आहे, सापाची छत्री. चुन्द लोहाराने बुद्धाला वाढलेले अखेरचे अन्न, ते 'सूकरमद्दव', म्हणजे काय याबद्दल जी अनेक मते टीकाकारांनी नोंदवली त्यांत हे एक आहे. धर्मानंद कोसंबींनी डुकराचे मांस असाच अर्थ घेतला, आणि त्यावरून आपल्याकडे बरेच वादळ उठले. तो वाद इथे नको. मला त्या कथेत लक्षात राहते ते एवढेच, की मरणाच्या वाटेवर असलेला पाहुणा आनंदाला सांगून ठेवतो की चुन्दाच्या मनाला टोचणी लागू देऊ नका. अन्नाने मृत्यू आला की मेलेल्याइतकाच वाढणाऱ्याचा प्रश्न उभा राहतो, हे त्या जुन्या कथाकाराला बरोबर कळले होते. हॅरिसनचे दुर्दैव असे की वाढणाराही तोच आणि जेवणाराही तोच. म्हणून लोकांना हसणे सोपे गेले.

आता या कादंबरीवर माझा जो खरा आक्षेप आहे त्याकडे येतो. तो मार्गारेटविषयी आहे.

ही कथा हवेतून आलेली नाही. १९२२ च्या ऑक्टोबरात लंडनजवळ पर्सी थॉम्प्सन नावाच्या गृहस्थाचा रस्त्यात भोसकून खून झाला. मारणारा फ्रेडरिक बायवॉटर्स, वय वीस, थॉम्प्सनच्या बायकोचा प्रियकर. बायको एडिथ हिने त्याला लिहिलेली पत्रे पोलिसांना सापडली. त्यांत तिने नवऱ्याच्या अन्नात काचेचा चुरा घातल्याचे, विष दिल्याचे लिहिले होते. प्रेताची तपासणी सर बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी केली. काचेचा कण नाही, विषाचा माग नाही. ती बाई कादंबऱ्या वाचणारी होती. कंटाळलेल्या संसारात बसून ती प्रियकरासाठी स्वतःची एक कादंबरी लिहीत होती, पत्रांच्या हप्त्यांनी. न्यायालयाने ती कादंबरी वस्तुस्थिती म्हणून वाचली. ९ जानेवारी १९२३ रोजी दोघांना फाशी झाली. एडिथ एकोणतीस वर्षांची होती.

सेयर्सबाईंना हे सारे ठाऊक होते. त्यांनी त्या पत्रांचा सूर मार्गारेटच्या पत्रांत हुबेहूब उचलला आहे : तेच लाडिक संबोधन, तीच उसनी वाक्ये, तेच 'काही तरी कर' हे न बोलता बोलणे. आणि मग लेखिका त्या बाईकडे वळूनही पाहात नाही. हॅरिसनला त्याची पत्रे मिळाली आणि तो माणूस झाला. मिस मिल्सम विक्षिप्त खरी, पण तिच्या एकटेपणाची कीव येते. लॅथमला त्याची प्रतिभा मिळाली. मार्गारेटला फक्त खोटेपणा मिळाला. तिची पत्रे वाचायला दिली जातात ती पुरावा म्हणून. मन म्हणून एकदाही नाही. ज्या लेखिकेने चार माणसांच्या चार नजरांतून एक हॅरिसन दाखवला, तिने मार्गारेटला एकाच कोनातून पाहावे, हे मला कोड्यात टाकते. कंटाळा ही गोष्ट एवढी हलकी नाही. दररोज अळंब्यांची चव कशी लागली हे सांगावे लागणे, आणि न सांगितले तर उदास होणारा एक सज्जन माणूस समोर बसलेला असणे, यात कोणाचा जीव गुदमरू शकतो. तेवढे एक पत्र, स्वतःच्या भाषेत लिहिलेले, मार्गारेटला द्यायला हवे होते. ते दिले असते तर तिचा अपराध तसूभरही कमी झाला नसता. पण कृत्रिम आणि अस्सल यांची जी वाटणी बाईंनी केली आहे ती इतकी सोपी राहिली नसती, आणि मस्करिनच्या यंत्राने न कळणारी गोष्ट पुस्तकात आली असती. मी स्वतः कादंबरी लिहायला बसतो तेव्हा ज्या पात्राचा मला सर्वांत राग येतो त्याच्या हातात एकदा तरी टाक द्यावा असे मला वाटते. मस्करिनचे प्रमाण चुकले ते १९३० सालच्या खात्यावर मांडून टाकता येते. हे पत्र लिहिले गेले नाही ते मांडायला दुसरे खाते नाही.

तरीही पुस्तक मी हातावेगळे करू शकत नाही, आणि त्याचे कारण मंटिंग आहे. प्रकाश वळला नाही हे यंत्रात पाहिल्यानंतर दुसऱ्या कुठल्याही रहस्यकादंबरीत टाळ्या पडल्या असत्या. मंटिंगला मात्र त्या वेळी आठवते ते लॅथमचे काम. हा माणूस खुनी आहे, आणि याच्यासारखी चित्रे आपल्या पिढीत फार थोड्यांनी काढली आहेत. मेला तो एक सामान्य, कंटाळवाणा गृहस्थ, ज्याच्याशी दोन घटका बोलणेही मंटिंगला जड जाई. गप्प बसणे त्याच्या हातात आहे. आणि पलीकडे तो हट्टी, रुक्ष मुलगा बसला आहे. त्याला कलेतले काही कळत नाही, त्याला फक्त बापाचे नाव धुऊन हवे आहे. मंटिंग निवेदन लिहून देतो, पण ते लिहिताना त्याला स्वतःविषयी बरे वाटत नाही, आणि लेखिकाही त्याला बरे वाटू देत नाही. लॅथम फासावर गेल्याचे आपल्याला कळते ते कोरड्या चार ओळींत. हॅरिसनचे ते अळंब्यांवरचे पुस्तक पुढे कोणी छापले की नाही, हे मात्र कोणीच सांगत नाही.